उपवासकाळातला त्याग मुलाला भीती घालू लागतो तेव्हा

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होऊन दोनेक आठवडे उलटले, की कॅथलिक शाळांत शिकणाऱ्या मुलांचे पालक एक ठरावीक काळजी घेऊन माझ्याकडे येतात. मुलाने उपवासकाळासाठी काहीतरी सोडण्याचा निश्चय केलेला असतो, शाळेत त्याचे कौतुकही होत असते, घरी मात्र ते रडवेले, चिडचिडे आणि अर्ध्या जेवणावरून उठणारे झालेले असते. अडवावे तर श्रद्धेच्या आड आल्यासारखे वाटते आणि न अडवावे तर तब्येत ढासळेल, अशा कात्रीत आईवडील सापडतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून असे एक प्रकरण येथे मांडते.

मुलगी नऊ वर्षांची, धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) शाळेत शिकणारी, अभ्यासात नीटनेटकी. उपवासकाळात शाळेत जे जे चालते, त्या सगळ्यात ती मनापासून होती: शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपुढची प्रार्थना), गरिबांसाठीची दानपेटी, पुनरुत्थान रविवारच्या (ईस्टरच्या) गीतांचा सराव, आणि वसंत लागल्यामुळे आवारातल्या वाफ्यांत बी पेरण्याचे काम. सुरुवातीला तिने फक्त गोड खाणे सोडले. पुढे मधल्या सुट्टीतला डबा ती न उघडताच परत आणू लागली आणि रात्री उशी बाजूला सारून झोपू लागली. डबा कोणी खाल्ला, असे विचारल्यावर ती खोटे बोलली आणि त्या खोट्याचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशीचा नाश्ताही तिने टाळला. वडिलांना तिचा अभिमान वाटे आणि ते नातेवाइकांना तसे सांगत. आई ताट पुढे करून रागावत असे. माझ्या अनुभवात अशा वेळी रागावण्यापेक्षा कौतुक जास्त जाचते, कारण कौतुक झाले की मुलाला मागे फिरायला वाट उरत नाही.

तिची वही आईने सोबत आणली होती. प्रत्येक दिवसापुढे एक बरोबरची खूण किंवा फुली होती, आणि काही फुल्या इतक्या वेळा खोडून पुन्हा काढलेल्या होत्या की तिथला कागद झिजून फाटला होता. मी तिला विचारले, “फुली पडली की काय होते?” ती हळू आवाजात म्हणाली, “मग काटा परत लावावा लागतो.”

या काट्यांची हकीकत वर्गशिक्षिकेकडून कळली. वर्गात मातीचे एक कडे करून त्यात लाकडी काड्या खोचल्या होत्या. तो क्रुसावर देण्याआधी येशूच्या डोक्यावर घातलेला काट्यांचा मुकुट. मुलांनी एखादे सत्कृत्य केले की त्यातला एक काटा काढायचा आणि पुनरुत्थान रविवारपर्यंत मुकुट मोकळा करायचा, असा तो उपक्रम होता. उपक्रम चांगलाच आहे. प्रेमाचे काम हाताने करून दाखवण्याची सोय त्यात आहे. पण या मुलीने स्वतःच्या मनाने त्याला एक जोड दिली होती. निश्चय मोडला, की ती कोणी पाहत नसताना काढलेली काडी पुन्हा खोचत असे, कारण आपल्या चुकीमुळे येशूला पुन्हा टोचते, अशी तिची ठाम समजूत झाली होती. नऊ वर्षांच्या मुलाने रात्री एकट्याने सोसावी अशी ही भीती नव्हे, आणि तिच्या उपाशीपणाचे मूळ जेवणात नसून या हिशेबात होते.

पहिली गोष्ट म्हणजे जेवणाचा विषय मी त्यागाच्या यादीतून पूर्णपणे बाहेर काढला. वाढत्या वयात किती आणि केव्हा खायचे हे मोठ्यांनी ठरवायचे असते; लेकराने नव्हे. याला चर्चच्या नियमांचाही पाठिंबा आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील (कायद्याच्या ग्रंथातील) १२५२ व्या नियमानुसार मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना आहे, तर उपवासाचे बंधन सज्ञान झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा, एवढेच तो नियम पालकांना व धर्मगुरूंना सांगतो. शिवाय राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या पवित्र शनिवारपर्यंत दिवस ४६ भरतात. रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ते सहा वगळून ४० ही परंपरेची गणना होते. ही मुलगी रविवारीही खाणे टाळत होती.

मात्र हे तिला मी सांगून पटले नसते. धर्माबाबतची भीती धर्माचा अधिकार असलेल्या माणसाच्या तोंडूनच उतरते, असे मला वाटते, म्हणून आईवडिलांच्या संमतीने मी तिच्या फादरांशी बोलले. त्यांनी तिला उपदेश केला नाही. ते तिच्यासोबत चर्चमधल्या क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपुढून चालत गेले. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडतो. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन त्याचा क्रूस उचलायला येतो आणि येशू ती मदत घेतो. तूही मदत घेतलीस तर चालेल, एवढेच ते म्हणाले, आणि डबा खाण्याची आज्ञा आपण देत आहोत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

वर्गशिक्षिकेने दोन बदल लगेच केले. काढलेला काटा परत लागत नाही, हे सगळ्या वर्गाला सांगितले, आणि कोणी किती काटे काढले याची चर्चा थांबवली. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातील शुभवर्तमानातही दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नका, असेच सांगितले आहे. त्यामुळे हा बदल कोणाला परका वाटला नाही. मुलीच्या निश्चयाचेही रूप आम्ही पालटले. सोडण्याऐवजी करण्याचे काम तिने निवडले: खालच्या वर्गातल्या एका लहानग्यासोबत वाफ्यांना पाणी घालायचे. हे काम त्याच दिवशी पुरे होते, त्याची बाकी उरत नाही.

सर्वांत अवघड भाग घरी होता. झोपताना ती आईला पुन्हा पुन्हा विचारत असे, “मला माफ होईल ना?” आई दर वेळी प्रेमाने “हो” म्हणे, आणि तो दिलासा काही मिनिटांत विरून प्रश्न परत येई. मी आईला सुचवले, की उत्तर एकदाच, शांतपणे द्यावे. पुन्हा विचारल्यावर “याचे उत्तर मी दिले आहे, आता आपण झोपू या” असे म्हणून तिच्याजवळ बसावे. पहिले काही दिवस मुलगी रडली, आईलाही हे निष्ठुर वाटले. पण वारंवार दिलेला दिलासा शंकेलाच बळ देतो. अस्वस्थता आपोआप ओसरते याचा अनुभव मुलाला यावा लागतो. वडिलांनी नातेवाइकांपुढचे कौतुक थांबवले आणि वही आईने मुलीच्या संमतीने कपाटात ठेवून दिली. हळूहळू डबा रिकामा येऊ लागला. पवित्र आठवड्यात तिने क्रुसाच्या वाटेत भाग घेतला आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर जेवलीही.

प्रत्येक मूल इतक्यात सावरेल असे नाही. निश्चय मोडल्यावर मूल थोडे खट्टू होऊन पुन्हा खेळायला जात असेल, तर काळजीचे कारण नाही. पण तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणे, प्रार्थना बिनचूक व्हावी म्हणून ती सुरुवातीपासून म्हणत राहणे, अन्न लपवणे, वजन घटणे किंवा चक्कर येणे दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवावे. पुनरुत्थान रविवारची वाट पाहू नये. तो सण होऊन गेल्यावरही मूल काही ना काही सोडत राहिले, तर ते उपवासकाळाचे व्रत राहिलेले नाही असे समजून मदत घ्यावी, आणि त्या मदतीत त्याच्या फादरांनाही सामील करून घ्यावे.