जुना डिझेल मोटारहोम घ्यावा की त्यापेक्षा नवीन गॅसवाला?

तुमच्या प्रश्नात दोन मोटारहोम (बसएवढी चाकांवरची घरं) आहेत. एक २००७ चा ४० फुटी डिझेल पुशर (म्हणजे इंजिन मागे असलेला डिझेलवाला), ७० हजार मैल झालेला, आणि दुसरा २०२१ चा ३४ फुटी गॅसवाला, १२ हजार मैल, तो वीसेक हजार डॉलरने महाग. राहता डॅलसजवळ, वर्षाला तीन-चार आठवडे फिरणार, आणि येत्या उन्हाळ्यात आई-बाबा येतील तेव्हा त्यांना घेऊन कोलोरॅडो करायचंय. मी पण टेक्सासमध्येच असतो, स्वतः २००८ चा डिझेल पुशर चार वर्षं चालवतोय, आणि तरी तुम्हाला सांगतो की गॅसवाला घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे गॅस म्हणजे पेट्रोल. माझ्या आईने फोनवर विचारलं होतं की एवढी मोठी गाडी सिलिंडरवर कशी ओढते रे. गंमत म्हणजे सिलिंडरवाला गॅस पण असतोच, पण तो शेगडीला आणि हीटरला.)

आधी ते मायलेजचं डोक्यातून काढून टाका. गॅसवाला गॅलनला ६ ते ८ मैल देतो, डिझेल फार तर ८-९. समजा वर्षाला ५ हजार मैल फिरलात, गॅस ३ डॉलर धरा आणि डिझेल पावणेचार, तर दोन्हीकडे बिल एकवीसशे-बावीसशेच्या आसपासच येतं. म्हणजे डिझेल घेऊन इंधनात पैसे वाचतील हा हिशोब इथे बसतच नाही, उलट सर्व्हिसिंगला जास्त जातात. गॅसच्या फोर्ड ७.३ ला ८ क्वार्ट ऑइल लागतं, डिझेलला इंजिनाच्या साइजप्रमाणे १५ पासून पार २५ च्या वर, शिवाय फ्युएल फिल्टर, एअर ब्रेकच्या ड्रायरचा फिल्टर, कूलंट. माझे वर्षाला दीड हजार डॉलर नुसते नेहमीच्या सर्व्हिसिंगला जातात, काही मोडलं नाही तर.

मग लोक डिझेलच्या मागे का लागतात, तर चालवण्यासाठी. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी ते इंजिनाचं झाकण असायचं आठवतंय ना, त्यावर गोधडी टाकलेली आणि जागा मिळाली नाही की कंडक्टर तिथे बसवायचा, खालून चटके आणि कानात घरघर, गॅसच्या मोटारहोममध्ये थेट तोच प्रकार आहे फक्त वर छान कार्पेट असतं. चढावर गिअर खाली पडला की बायको शेजारून काय बोलते ते ऐकू येत नाही (काही जण याला फायदा म्हणतील). पुशरमध्ये इंजिन ३५ फूट मागे, पुढे एकदम शांत, एअर सस्पेन्शनमुळे खड्डे कळत नाहीत, बाजूने मोठा ट्रक गेला तरी गाडी तेवढी हलत नाही.

आणि घाट. गॅसच्या इंजिनाला टर्बो नसतो त्यामुळे दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद कमी होते, म्हणजे कोलोरॅडोत आय-७० हायवेवरच्या आयझेनहॉवर टनेलला, जो ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेली असते. उतारावर डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, बटण दाबलं की गाडी स्वतःच धरून ठेवते. गॅसवाल्यात टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) टाकायचा आणि गिअर खाली घ्यायचा, इंजिन किंचाळतं, नवीन माणूस घाबरतो आणि ब्रेकवर पाय दाबून बसतो, ते करू नका, ब्रेक तापतात. किंचाळू दे, त्याला काही होत नाही. चढ ३५-४० च्या स्पीडने उजव्या लेनमधून चढा. तीन-चार आठवड्यांच्या ट्रिपमध्ये असे घाट किती तास येतात मोजा, त्यासाठी जुनं डिझेल पदरात घ्यायचं का हा खरा प्रश्न आहे.

कारण तुमची निवड डिझेल की गॅस अशी नाहीच, ती जुनं की नवं अशी आहे. सेल्समन सांगतो इंजिन पाच लाख मैल जातं, ते खरंही असेल, पण इंजिन सोडून बाकी सगळं १८-१९ वर्षांचं झालेलं असतं, रबरी होज, छताचे सील, स्लाइडआउटच्या (बाहेर सरकणाऱ्या भिंतींच्या) मोटरी, फ्रिज, एसी. मी घेतला तेव्हा ६१ हजार मैल, टायरची नक्षी अगदी नवीन, मी खूश. मग एका जाणत्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला सांगितले, २९१२, म्हणजे २०१२ सालचा २९ वा आठवडा. नऊ वर्षांचे टायर! नक्षी कितीही राहू दे, ऊन खाऊन रबर आतून कुजतं आणि पुढचा टायर हायवेवर फुटला तर गाडी हातात राहत नाही. सहा टायर बदलले, साडेतीन हजार डॉलर, पहिल्याच महिन्यात.

दुसरा धडा त्याच वर्षी जुलैत मिळाला, न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोत जाताना रॅटोनचा घाट लागतो, साडेसात हजार फुटांच्या वर, तिथे अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा वर वर जायला लागला. कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, तासभर थांबलो, बायकोने चहा केला, तेवढाच मोटारहोमचा उपयोग. पुढे गॅरेजवाल्याने आमची बेडरूममधली गादी उचलली (हो, इंजिन पलंगाखालीच असतं) आणि टॉर्च मारून दाखवलं. मागून रेडिएटर चकचकीत, पण पुढच्या बाजूने, जिथे घेताना आम्ही कोणी डोकावलोच नव्हतो, तिथे स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर बसतो तसा तेलकट काळा थर. इंजिनाच्या ब्रीदरच्या (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेलाचे थेंब उडतात, पंखा ते धुळीसकट रेडिएटरवर मारतो. रेडिएटर मागे असलेल्या पुशरची ही ठरलेली खोड आहे, फक्त विकणारा सांगत नाही. काढून धुवायला चौदाशे डॉलर.

तुमचा २००७ वाला एका बाबतीत बरा आहे, २०१० च्या एमिशनच्या नियमांनंतर जी डीईएफची (धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये सोडायच्या द्रवाची) टाकी आणि सेन्सरची कटकट आली त्यातून तो सुटलाय. पण ४० फुटी पुशरचं रेटेड वजन (भरलेल्या गाडीची कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा) बहुतेक २६ हजार पाउंडांच्या वर निघेल, आणि टेक्सासमध्ये त्याला क्लास बी लायसन्स लागतं, परीक्षा आणि ड्रायव्हिंग टेस्टसकट. विकणाऱ्याने हे सांगितलंय का? वर लोन, बऱ्याच बँका दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला हात लावत नाहीत, आणि काही प्रायव्हेट आरव्ही पार्क (मोटारहोम मुक्कामाला उभे करायच्या जागा) दहा वर्षांवरची गाडी आत घेत नाहीत.

गॅसवाल्यात एकच गोष्ट नीट बघा, वजन. दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ते जेमतेम दीड-दोन हजार निघतं. पाण्याची ७५ गॅलनची टाकी भरली की सव्वासहाशे पाउंड तिथेच गेले, मग तुम्ही चार-पाच जण, आणि आई येणार म्हणजे कुकर, पीठ, तांदूळ आलंच. तीन हजारच्या जवळ आकडा असेल तर डोळे मिटून पुढे जा, दीड हजार असेल तर ती गाडी सोडा, दुसरी शोधा.

आणि आई-बाबांना प्रत्यक्ष घेऊन जाता येणार नसेल तर तुम्ही स्वतः त्यांच्या वयाचे आहात असं समजून पायऱ्या चढून बघा, गुडघ्यांना त्या उंच पडतात. सीट बेल्ट मोजा, सोफ्यावर किती आणि डायनिंगच्या सीटला किती, गाडी चालू असताना कोणीही मागे पलंगावर झोपणार नाही हे आधीच ठरवा.

पैसे देण्याआधी आरव्ही तपासणारा सर्टिफाइड इन्स्पेक्टर आणा, हजारेक डॉलर जातील. त्याच्या आधी तुम्हीच एक करा, बेडरूममधल्या वरच्या कपाटांत हात घालून कोपऱ्यातली भिंत अंगठ्याने दाबा. ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली तर छत गळतंय, मग गॅस असो की डिझेल, तिथूनच परत फिरा. आणि इंजिन थंड असताना तुमच्यासमोर चालू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा.

एवढं सगळं वाचूनही मन त्या पुशरवरच असेल (माझं होतंच, त्या शांततेची सवय लागते), तर टायर आणि दुरुस्तीसाठी निदान १५ हजार डॉलर बाजूला ठेवून मगच घ्या. तसे ठेवता येणार नसतील तर विषयच संपला. त्याच्या टायरवरचे चार आकडे काय निघाले ते मात्र कळवा.