५०-६० हजारात फोटोग्राफीचा धंदा सुरू होईल का?
होईल की, पण सगळा पैसा कॅमेऱ्यात घालू नका. वापरलेला निकॉन डी७२०० बघा, त्यात दोन मेमरी कार्ड स्लॉट आहेत, दुसरा बॅकअपवर सेट केला की एक कार्ड उडालं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात आणि लग्नकार्यात हे फार महत्त्वाचं, कारण अक्षता काय परत पडत नाहीत. घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झालेत ते चेक करा, या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं असतं. मुंबईत असाल तर फोर्टला बोरा बाजारात जाऊन हातात घेऊनच बघा. लेन्स एकच, ३५ एमएम एफ/१.८, कमी उजेडातही चालते. एक फ्लॅश घ्या, तो छताकडे वळवून मारा, सरळ मारला की शालूची जरी पांढरीफटक दिसते.

ड्रोन, गिंबल (व्हिडिओ हलू नये म्हणून कॅमेरा धरायचा स्टँड) भाड्याने. सुरुवातीला बारसं, डोहाळजेवण अशा ऑर्डरी घ्या आणि मोठ्या लग्नांना एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर म्हणजे जोडीचा फोटोग्राफर म्हणून जा, अंतरपाट निघताना कुठे उभं राहायचं ते तिथेच कळतं. अ‍ॅडव्हान्सशिवाय तारीख देऊ नका, नातेवाईक असले तरी!! उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंटला पैसे कशाला द्यायचे. कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत विनातारण लोन आहे, बँकेत विचारा.