कुत्र्याचं खाणं बदलायची वेळ आली आहे, हे कसं ओळखावं?

तुमचा लॅब्राडॉर सहा वर्षांचा आहे, पिल्लू असल्यापासून दूध-पोळीवर वाढला आहे, हल्ली सुस्त असतो, केस गळतात, वजन वाढतंय. पण 'जेवतो मात्र भरपूर, मग खाणं बदलायचं का?' असं तुम्ही विचारलंय.

आधी ते 'भरपूर जेवतो' बाजूला ठेवा. लॅब्राडॉरच्या भुकेवरून काही ठरवता येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की साधारण चौथा हिस्सा लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच नसतो आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त असतात. आमच्या लॅब्राडॉर चिंगीनं एक आजारपण सोडलं, तर आयुष्यात कधी ताटलीत शीत ठेवलं नाही.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. रविवारी सकाळी पोहे-जिलबी येते, आणि घरातला प्रत्येक जण 'एवढासा घास' तिच्यापुढे धरायचा. त्या पोह्यांवर कच्चा कांदा असतो. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, हे मला ती चार वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं. शेव-फरसाणाचं मीठ आणि तेल वेगळंच. डॉक्टरांच्या काट्यावर ती ३८ किलो भरली तेव्हा मी हादरलो. लॅब्राडॉर मादी साधारण २५ ते ३२ किलोची असावी.

तेव्हा डॉक्टरांनी मला हातानं तपासायला शिकवलं, आणि काट्यापेक्षा मला तेच जास्त उपयोगी पडलं. तुमच्या डाव्या हाताचा पंजा पालथा पसरून उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवा. बोटांची हाडं पातळ कातडीखाली जशी लागतात, तशाच कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर चरबी साठली आहे. मूठ आवळल्यावर पेरं जशी टोचतात तसं लागलं तर कुत्रा रोडावलाय. मग उभ्यानं वरून बघा, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. हे दर पंधरा दिवसांनी करा, कारण रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना फरक कळत नाही.

शी सुद्धा रोज बघा. बांधलेली, उचलल्यावर फरशीला डाग न राहणारी असावी. नेहमी सैल असेल, पोटात वायू धरत असेल तर पहिला संशय दुधावर घ्या. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. केसांचं म्हणाल तर खाण्यातल्या प्रथिनांचा मोठा वाटा त्वचा आणि केसांकडेच जातो. दूध-पोळीत कुत्र्याला पुरेल इतकं प्रथिन नसतं, जस्त आणि स्निग्धाम्लंही कमी पडतात. म्हणजे तुमच्याकडे खाणं बदलायला हवंच, पण लगेच उद्यापासून नाही.

हे मी कळकळीनं सांगतोय, कारण आमच्याकडे घडलंय. चिंगी आठ वर्षांची असताना एकदा तिनं अचानक खाणं सोडलं. कंटाळली असेल म्हणून आम्ही आठ दिवसांत तीनदा खाणं बदललं : दहीभात, उकडलेलं चिकन, मग पाकिटातलं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तेव्हा कुठे डॉक्टरांकडे धावलो. गोचिडताप होता, प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या. ती वाचली, पण ते आठ दिवस आजही आठवतात. खाणं अचानक सुटलं, पाणी अचानक जास्त पिऊ लागला किंवा खात असूनही वजन उतरू लागलं, तर तो ताटलीचा प्रश्न समजू नका, आधी रक्त तपासा. तुमच्या कुत्र्याची सुस्ती, केसगळती आणि वाढतं वजन हे तिन्ही एकत्र थायरॉइड कमी पडल्यावरही दिसतं, आणि ते याच मधल्या वयात होतं. तेव्हा टी-फोरची, म्हणजे रक्तातल्या थायरॉइडच्या संप्रेरकाची तपासणी आधी करून घ्या. इंदूरच्या आसपास असाल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीसेक किलोमीटरवर आहे.

तपासणीत काही निघालं नाही, तर नवं खाणं सात ते दहा दिवसांत आणा. आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या, विशेषतः कॅल्शियमचं. नुसतं चिकन-भात पुरत नाही. बाराही महिने खाज, पंजे चाटणं, पुन्हा पुन्हा दुखणारे कान असं असेल तर ॲलर्जीची परीक्षा वेगळी असते. आठ आठवडे डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं, मधे बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही.

घरातल्यांना आवरणं सगळ्यांत अवघड. आमची आजी म्हणायची, 'मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नका रे.' तिला दुखवून चाललं नसतं. मग सकाळीच काकडीच्या फोडी वाटीत काढून ठेवायला लागलो, आणि त्या फक्त आजीनंच भरवायच्या असं ठरलं. चिंगीला सात महिने लागले, पण ती ३० किलोवर आली, आणि आजी जिना चढू लागली की पुन्हा तिच्या पुढे धावू लागली.