जुन्या बातम्यांतला ‘लाल’

प्रश्न : 1930-31च्या वृत्तपत्रांत ‘लाल डगलेवाले’ आणि ‘लाल बावटेवाले’ असे दोन्ही शब्द येतात. दोघेही कम्युनिस्टच ना?

उत्तर : नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. लाल डगलेवाले म्हणजे वायव्य सरहद्द प्रांतातले खुदाई खिदमतगार. खान अब्दुल गफारखानांनी 1929 साली उभी केलेली ही संघटना अहिंसेची शपथ घेणारी, पुढे काँग्रेसबरोबर गेलेली. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून त्यांनी ते विटकरी रंगात रंगवले, एवढाच त्या रंगाचा उगम! सरकारला मात्र त्यात रशियाचा हात दाखवणे सोयीचे होते. त्यामुळे सरकारी गोटातून आलेल्या मजकुरातला ‘लाल’ जरा जपूनच वाचावा.

लाल बावटा मात्र खरोखर कम्युनिस्टांचा. 1928च्या संपात मुंबईत स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन याच नावाने ओळखली जाई.

ओळखायचे कसे? ‘लाल’नंतरचे नाम आणि बातमीचे ठिकाण पाहा. पेशावर, चारसद्दा असेल तर डगलेवाले. मुंबई, परळ असेल तर बहुधा बावटा. (लालबागेतल्या ‘लाल’चा बावट्याशी संबंध नाही.) ‘लाल चीन’ दिसला, तर कात्रण बहुधा 1949नंतरचे.