पेटवल्यावर वास जातो कुठे?

प्रश्न : ताई, 'पहिला पाऊस' अशा काहीतरी नावाची उदबत्ती आणली. दुकानात पुडा हुंगला तर अगदी ओल्या मातीचा वास, म्हटलं वा! घरी लावली तर नुसता गोडसर परफ्यूम आणि धूर. फसवलं का आम्हाला? आणि असली उदबत्ती पारखायची कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लगेच फसवलं नका म्हणू हो. पुड्यातला वास आणि पेटवल्यावरचा वास या मुळात दोन वेगळ्या गोष्टी, आणि आपण सगळे पहिला बघूनच पैसे देऊन मोकळे होतो. पुड्यात जे हलकं, पटकन उडणारं असतं तेच आधी नाकात शिरतं. काडी पेटली की निखाऱ्याच्या लगेच मागचा भाग तापतो, तिथून सुगंधी तेलाची वाफ होते, आणि खुद्द निखाऱ्यात कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, जिगट (झाडाच्या सालीची ती चिकट पूड, जिच्यामुळे मसाला काडीला धरून राहतो) आणि आतला बांबू असं सगळं जळत असतं. म्हणजे तुमच्या पावसात धूर मिसळणारच, त्याला इलाज नाही. चंदन, वाळा, ऊद, गुग्गुळ ही जड मंडळी धुरात टिकतात, उलट धुरातच खुलतात. पाऊस, समुद्र, हिरवं गवत यांचं तिथे काही चालत नाही.

आता मातीचा वास. तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात, त्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात, आणि आपलं नाक त्याला इतकं तिखट की एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी कळतं. उत्तर प्रदेशात कन्नौजला मातीचं अत्तर खरंच काढतात, भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळून तिची वाफ चंदन तेलात उतरवतात. पण ते महाग अत्तर रोजच्या देवपूजेच्या स्वस्त पुड्यात कोण घालणार! तिथे प्रयोगशाळेत जुळवलेला वासच असतो, आणि त्यात वाईट काही नाही, नीट जुळवलेला असला म्हणजे झालं.

पारखायची तर पंखा बंद करा, फोडणीचा वास घरात नसेल अशी वेळ बघा, एकच काडी लावा आणि खोलीबाहेर जा. दहाएक मिनिटांनी बाहेरून आत आलात की जो पहिला श्वास, निकाल त्याच्यावर द्या, कारण काडीजवळ बसून राहिलं की नाक थकतं आणि सगळंच बरं वाटायला लागतं. मग काडी विझल्यावर तासाभराने पुन्हा डोकवा. पडद्याला, उशीला बिडीसारखा शिळा वास धरला असेल तर आतला कोळसा-भुसाच हलक्या प्रतीचा, वरचं अत्तर कितीही छान असो. माझ्या मते खरी परीक्षा हीच. आणि जमलं तर बिनवासाची कच्ची काडी मिळवून एकदा नुसतीच जाळून बघा, मग दुसऱ्या कुठल्याही उदबत्तीत कोळसा-भुशाचा धूर किती आणि सुगंध किती ते आपोआप वेगळं कळायला लागतं.

प्रश्न : पुड्यावर 'नॅचरल' लिहिलेलं खरं मानायचं का?

उत्तर : नुसत्या शब्दावर नको. काडी पांढऱ्या कागदात गुंडाळून रात्रभर ठेवा. कागदावर तेलकट डाग पसरला तर बहुधा कच्ची काडी सुगंधी द्रावणात बुडवून काढलेली आहे, आणि त्या द्रावणात सुगंध पातळ करायला डीईपी नावाचं रसायन सर्रास वापरतात. मसाला उदबत्तीत मात्र वासाची पूड, राळ वगैरे मळतानाच घालतात, ती चोळली की बोटाला भुकटी लागते. अर्थात भुकटी लागली म्हणजे सगळं झाडाचंच असं नाही, मसाल्यातही वरून सेंट मारतात. मोगरा-रातराणीच्या स्वस्त पुड्यात फुलं शोधायला जाऊच नका.

प्रश्न : सासूबाईंना दमा आहे, नॅचरल उदबत्ती चालेल ना?

उत्तर : नाही. धूर तो धूरच, चंदनाचा असला तरी त्यातले बारीक कण छातीत जातातच. त्यांच्या खोलीत लावू नका, देवघर वेगळं असेल तर खिडकी उघडी ठेवून तिथे लावा, नाहीतर देवाला ताजी फुलं वाहा, आणि तरीही खोकला वाढला तर डॉक्टरांना विचारा, मला नको.