सुधारक माधवरावांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न का केले?

आपण विचारले आहे की, ‘उंच माझा झोका’ या मालिकेतले माधवराव, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, विधवाविवाहाचा उघड पुरस्कार करत असूनही पहिल्या पत्नीच्या निधनानंतर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न का करतात, आणि घरातल्या बायका त्या मुलीच्या, म्हणजे रमेच्या, शिक्षणावर एवढ्या का उठतात. ही माणसे दुटप्पी आणि दुष्ट आहेत, असेच समजायचे का?

मालिका २०१२ साली झी मराठीवर लागायची, तेव्हा आमच्या घरी याच दोन प्रश्नांवर रोज वाद व्हायचा. पुढे याच रमेचे, म्हणजे रमाबाई रानड्यांचे, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचे पुस्तक वाचल्यावर माझे मत बरेच बदलले, म्हणून त्याच्याच आधाराने लिहितो.

माधवरावांवरचा आक्षेप खरा आहे आणि तो त्यांच्या हयातीतही घेतला गेला. १८७३ साली ते एकतीस वर्षांचे होते, पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले त्यांचे नाव सर्वांना ठाऊक होते. नेमकी हीच गोष्ट वडिलांच्या, म्हणजे गोविंदरावांच्या, मनात सलत होती. मुलगा आता विधवेशी लग्न करील आणि घराण्यावर बहिष्कार ओढवेल, या धास्तीने त्यांनी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना घाईने सून करून आणली आणि तिचे नाव रमा झाले. माधवरावांनी आधी विरोध केला, लग्नच नको असेही सांगून पाहिले, पण वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केल्यावर ते नमले.

याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला मात्र त्यामागे त्यांच्या स्वभावातली एक खोल आणि कायमची गोष्ट दिसते: स्वतःच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे त्यांना सोसत नसे. याचा पडताळा पुढे पंचहौद मिशनच्या प्रकरणात येतो. १८९० साली पुण्यातल्या या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल बऱ्याच नामवंतांवर ग्रामण्याचे, म्हणजे जातीच्या बहिष्काराचे, संकट आले आणि अखेर १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या जिवावर ते बहिष्कार सोसू शकले असते. परंतु त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरे त्यात होरपळत होती. रमाबाईंना हे प्रायश्चित्त मुळीच रुचले नव्हते, आणि पतीविषयी अपार भक्ती असूनही त्यांनी ती नाराजी पुस्तकात लपवलेली नाही. वडिलांपुढे नमणारे माधवराव आणि मित्रांसाठी नमणारे माधवराव हे एकच आहेत. मात्र पहिल्या वेळी त्या नमण्याची किंमत एका अजाण मुलीनेही मोजली, हे मी विसरू शकत नाही, आणि मला वाटते की तेही विसरले नव्हते. लग्नानंतर लवकरच त्यांनी तिला लिहितावाचता येते का, असे विचारून धुळाक्षरांपासून शिकवायला घेतले, त्याचा अर्थ मी तरी असाच लावतो.

आता घरातल्या बायकांविषयी. मालिकेला रोज तंटा दाखवावा लागतो, त्यामुळे तिथे या बायका फार लवकर खलनायिका होतात. त्यांनी रमेला छळले, टोमणे मारले, इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हर्फर्ड यांना शिवल्यावर आंघोळ करायला लावली, १८८२ साली संस्कृतच्या विदुषी पंडिता रमाबाई पुण्यात आल्यावर त्यांच्या सभेला जाण्यावरून तर घरात मोठेच वादळ उठले. हे सारे खरे आहे. परंतु या बायका कोण होत्या, हेही पाहिले पाहिजे. बऱ्याच जणी विधवा किंवा आश्रित होत्या. सोवळेओवळे, वयाचा मान आणि स्वयंपाकघरातला अधिकार, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि पुस्तकातून मिळणाऱ्या अधिकाराला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. कालची पोर नवऱ्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचू लागली की तो एवढासा अधिकारही फुकाचा ठरणार, हे त्यांना न शिकताही कळत होते.

त्यातही मला सर्वांत जास्त जिव्हारी लागते ती दुर्गा, माधवरावांची स्वतःची बहीण. जो भाऊ जगातल्या विधवांच्या लग्नासाठी झटत होता, त्याच्याच घरात ती विधवा म्हणून राहिली, आणि त्याच घरात त्याच भावाने आपल्या बायकोला हाताला धरून शिकवलेले तिने रोज पाहिले. तिच्या मनात काय चालले असेल, हे पुस्तकात थेट लिहिलेले नाही, त्यामुळे इथून पुढचा तर्क माझा आहे. मला तिच्या रागात परंपरेच्या अभिमानापेक्षा, आपल्या वाट्याला हे का आले नाही, हा कधीच न विचारलेला प्रश्न अधिक ऐकू येतो.