अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्ष अडवून ठेवू शकतात का?

कायद्याने बघितलं तर स्वतःच्या मर्जीने कायमचा अडवू शकत नाहीत. पण 'मग 2025 मध्ये परदेशी मदतीचे अब्जावधी डॉलर अडले कसे?' असंही तुम्ही विचारलंय. खरी गोम तिथेच आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

मी इथे अमेरिकेत एका शहराच्या सांडपाणी विभागात बरीच वर्षं अभियंता होतो. त्यामुळे हा वाद माझ्यासाठी नुसता राज्यघटनेचा नाही, तो पाइप आणि पंपांचाही आहे. 1969 मध्ये क्लीव्हलँडच्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला होता, इतकी घाण नद्यांत जात होती. 1972 मध्ये काँग्रेसने शुद्ध पाण्याचा मोठा कायदा केला आणि शहरांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधायला तीन वर्षांत 18 अब्ज डॉलर द्यायचं ठरवलं. खर्चाचा 75 टक्के वाटा केंद्राचा. एवढा खर्च परवडणार नाही म्हणत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांहून कितीतरी जास्त मतांनी तो मोडून काढला. कायदा झाला.

तरीही निक्सन यांनी पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांना हात आखडता घ्यायला सांगितलं. पहिल्या वर्षी 5 अब्जांऐवजी 2, दुसऱ्या वर्षी 6 ऐवजी 3, तिसऱ्या वर्षी 7 ऐवजी 4. म्हणजे निम्मे, 9 अब्ज डॉलर अडवले. नकाराधिकार मोडला गेल्यावर तेच काम मागच्या दाराने करण्याचा हा प्रकार होता, आणि मला तो आजही चुकीचाच वाटतो. ज्या शहराने नळपट्टी वाढवून आपला वाटा बाजूला काढलाय, त्याने अर्ध्या खोदलेल्या खड्ड्याचं काय करायचं?

न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं. 18 फेब्रुवारी 1975 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने ठरवलेली रक्कम कमी करून वाटायचा अधिकार प्रशासनाला नाही, असं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलं. मात्र हा निकाल त्या एका कायद्याच्या शब्दांपुरता होता. राष्ट्राध्यक्षांना राज्यघटनेतूनच असा काही अधिकार मिळतो का, हा मोठा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही, आणि ती फट आजही तशीच आहे.

त्याआधीच, जुलै 1974 मध्ये, काँग्रेसने निधी अडवण्यावर लगाम घालणारा स्वतंत्र कायदा केला होता. राजीनाम्याच्या महिनाभर आधी निक्सन यांनीच त्यावर सही केली. त्यानुसार एखादी तरतूद रद्द व्हावी असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर त्यांनी काँग्रेसला तसं कळवायचं. तेवढ्यापुरता पैसा कामकाजाचे 45 दिवस थांबवता येतो. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली नाही, तर तो सोडावाच लागतो. (पुढे 1996 मध्ये काँग्रेसने स्वतःच राष्ट्राध्यक्षांना एकेक तरतूद खोडायचा अधिकार दिला. तो 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यातही न्यूयॉर्क शहर होतंच.)

आता 2025. आपल्याकडे मार्चअखेर निधी वापरला नाही की लॅप्स होतो, हे जिल्हा परिषदेचं काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. इथे मार्चअखेर म्हणजे 30 सप्टेंबर. ऑगस्ट संपता संपता ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदतीचे 4.9 अब्ज डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव काँग्रेसला पाठवला. 45 दिवस पुरे होण्याआधीच वर्ष संपणार होतं. काँग्रेसने होकार दिला काय, मौन पाळलं काय, पैसा जाणारच. सरकारी खर्चावर देखरेख करणाऱ्या काँग्रेसच्याच लेखा संस्थेने ही पद्धत बेकायदा असल्याचं म्हटलं होतं.

मदतकार्य करणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. खालच्या न्यायालयाने पैसा खर्च करा असा आदेश दिला, पण 26 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 4 अब्ज डॉलरपुरती त्याला स्थगिती दिली. कारण असं की, 1974 च्या कायद्यामुळे खाजगी संस्थांना असा दावा लावता येत नाही, हा सरकारचा मुद्दा प्रथमदर्शनी पुरेसा वाटतो. तिघा न्यायमूर्तींनी विरोध नोंदवला, त्यांच्या वतीने एलेना केगन यांनी लिहिलं. म्हणजे काँग्रेसच्या तिजोरीचं रक्षण करायला केलेला कायदाच दाद मागणाऱ्यांच्या आड आला. हा अंतिम निकाल नव्हता, पण चार दिवसांनी वर्ष संपणार असताना अंतिम निकालाची वाट कशी बघायची?

1975 मध्ये न्यूयॉर्क जिंकलं तेव्हा अडवलेला पैसा अजून शाबूत होता. निकालानंतर तो शहरांना मिळाला आणि त्यातून केंद्रं उभी राहिली. परदेशी मदतीच्या या पैशावर मात्र 30 सप्टेंबरची तारीख होती.